गाळ कुठे नेणार, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या गावांच्या सांडपाण्यावर आपण काढलेली रविवारची पुरवणी लक्षपूर्वक वाचली. एवढ्या नावडत्या विषयाला चार पानं दिलीत, याबद्दल आधी आभार. पण तिचा एकंदर सूर असा, की कारखान्यातून तयार होऊन येणारी टाकी गावाबाहेर बसवायची, वीज जोडायची, आणि एका बाजूने मैलापाणी आत, दुसऱ्या बाजूने झाडांना घालण्याजोगं पाणी बाहेर. मी नोकरीची सगळी वर्षं अशाच टाक्यांवर ऑपरेटर म्हणून काढली. अभियंता नव्हे, व्हॉल्व्ह फिरवणारा, ब्लोअरचा, म्हणजे टाकीत हवा फुंकणाऱ्या यंत्राचा, पट्टा बदलणारा, जाळीवर अडकलेल्या चिंध्या काढणारा माणूस. आपल्या चारही पानांत बाहेर पडणाऱ्या पाण्याचं वर्णन भरपूर आहे, गाळाचं काय करायचं यावर मात्र एक ओळ नाही. माझ्या कामातला निम्मा वेळ त्या गाळातच गेला, म्हणून हे पत्र.

सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या दशांश टक्क्यासाठी हा सगळा खटाटोप. टाकीत हवा सोडली की त्या घाणीवर जंतू जगतात, वाढतात. साधारण निम्मी घाण त्यांच्या श्वासावाटे हवेत जाते आणि निम्मी त्यांच्या अंगावर चढते. ते अंग म्हणजेच गाळ. घाण नाहीशी होत नाही, तिचं रूप बदलतं. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मांडली. त्यांनी केलं ते इतकंच, की बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ फेकून न देता ठेवला आणि नवं सांडपाणी त्याच गाळावर ओतून पुन्हा हवा दिली. ज्याला सुरुवातीला आठवडे लागत होते ते काम काही तासांवर आलं. म्हणजे गाळ सांभाळणं हीच या यंत्राची कला. तो कमी झाला तर पाणी निवळत नाही, जास्त झाला तर निवळीच्या टाकीतून पाण्याबरोबर वाहून जातो. त्यामुळे रोज थोडा गाळ काढावाच लागतो.

किती, ते सांगतो. माणशी दिवसाला साधारण ४५ ग्रॅम बीओडी धरा, म्हणजे जंतूंना कुजवायला जेवढा ऑक्सिजन लागेल त्या मापातली घाण. हजार वस्तीच्या गावाची ४५ किलो झाली. त्यातली ४० किलो यंत्राने काढली तर सुमारे २० किलो कोरडा गाळ तयार होतो. पण तो कोरडा कधीच बाहेर येत नाही. शंभर भागांत जेमतेम एक भाग घन, बाकी पाणी. म्हणजे दररोज दोन हजार लिटर पातळ, काळपट, पडून राहिला तर दुसऱ्या दिवशी वास मारणारा पदार्थ. वाळूच्या वाफ्यावर पसरून वाळवला तर ऐंशीएक किलोवर येतो, मग फावड्याने भरता येतो. मात्र वाफे लागतात, ऊन लागतं, पावसात ते काम थांबतं आणि फावडं हातात घेणारा माणूस लागतो. हे वाफे मूळ आराखड्यात असतात आणि पुढे जागा कमी पडली म्हणून पहिल्यांदा कात्री त्यांनाच लागते, हा माझा अनुभव आहे. मग गाळ काढलाच जात नाही. टाकीत साठत साठत एके दिवशी तो आपण होऊन ओढ्यात जातो, तोही बहुधा पहाटे, जेव्हा बघायला कोणी नसतं. महिन्याच्या अहवालात त्या दिवसाची नोंद नसते.

आता गावाच्या पाण्याचा स्वभाव बघा. शहरात कोणी ना कोणी सतत नळ सोडत असतं, त्यामुळे प्रवाह रात्रीही बऱ्यापैकी चालू असतो. छोट्या गावात सकाळच्या दोन तासांत सगळी मोरी आणि संडास एकदम वाहतात, संध्याकाळी पुन्हा एक लोंढा, आणि मध्यरात्रीनंतर पाइपात नुसती ओल. शहराच्या केंद्रात सर्वांत मोठा लोंढा सरासरीच्या दुप्पट-अडीचपट असतो, गावात तो चौपट आणि त्याहूनही जास्त होतो. शिवाय पाणी कमी वापरणाऱ्या वस्तीचं सांडपाणी दाट असतं, कारण घाण तेवढीच आणि पाणी थोडं. शहराच्या मोजमापावर बेतलेली टाकी इथे सकाळी गुदमरते आणि रात्री उपाशी राहते. लोंढा धरून ठेवायला पुढे मोठी साठवण टाकी असली तर हे बरंचसं टळतं, पण तयार यंत्र विकताना ती टाकी 'वैकल्पिक' म्हणून यादीत शेवटी असते.

विजेचं वेगळं सांगायला नको. ब्लोअर तासभर थांबला तर काही बिघडत नाही. पाच-सहा तास थांबला की टाकीतला तपकिरी रंग काळ्याकडे झुकतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. परत हवा सुरू केली तरी जंतू सावरायला दिवस जातात. चांगल्या चाललेल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास असतो, हे कोणाला खरं वाटत नाही. मी नव्या पोरांना आधी नाकानेच टाकी ओळखायला शिकवायचो. मग एक लिटरचं उभं मापपात्र घेऊन अर्धा तास गाळ कसा बसतो ते बघायचं. पांढरा शुभ्र फेस आला तर गाळ कोवळा आणि कमी आहे, दाट, तपकिरी, तेलकट फेस आला तर गाळ म्हातारा झालाय. निवळीच्या टाकीत गाळाच्या चपट्या पोळ्या बुडबुड्यांसकट वर तरंगायला लागल्या, तर तो तळाशी फार वेळ पडून राहिला आहे आणि आत नायट्रोजन वायू धरतोय. हे सगळं शिकता येतं, त्यासाठी पदवी लागत नाही. पण शिकलेला माणूस रोज तिथे असावा लागतो, त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुसरा असावा लागतो आणि त्याला पगार वेळेवर मिळावा लागतो. गावाचा माणूस प्रशिक्षण घेतो आणि वर्षभरात जास्त पगारावर शहरातल्या केंद्रात निघून जातो. त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून माझं म्हणणं असं, की छोट्या गावाने पद्धत निवडताना पाणी किती स्वच्छ होईल हे दुसऱ्या क्रमांकावर विचारावं. आधी विचारावं, की गाळ किती निघेल, किती दिवसांनी काढावा लागेल, कोण काढेल आणि कुठल्या जमिनीवर टाकेल. या चार उत्तरांत जी पद्धत बसेल ती गावाची.

आपल्या पुरवणीत फ्रान्सचं नाव यंत्रांच्या संदर्भात आलं, त्याची मला गंमत वाटली. त्याच फ्रान्समध्ये छोट्या गावांसाठी सर्वांत रुळलेली पद्धत वेगळीच आहे. गेल्या तीनेक दशकांत तिथल्या हजारो खेड्यांनी बोरूसारख्या उंच गवताचे वाफे केले. जाडसर कचरा जाळीवर अडवून कच्चं मैलापाणी थेट खडीच्या वाफ्यावर सोडतात. असे तीन वाफे शेजारी शेजारी. एकावर तीन-चार दिवस पाणी सोडायचं, मग त्याला आठवडाभर विश्रांती आणि पाणी पुढच्या वाफ्यावर. घन मैला खडीच्या वरच राहतो, विश्रांतीत सुकतो, कुजतो. गवताचे धुमारे त्या थराला भोकं पाडत राहतात, म्हणून पाणी तुंबत नाही. खालून झिरपलेलं पाणी दुसऱ्या टप्प्यातल्या बारीक वाळूच्या वाफ्यांवर जातं. दोन्ही टप्पे मिळून माणशी दोन-अडीच चौरस मीटर जागा. उतार असेल तर पाणी सोडायला वीजही लागत नाही, आपोआप भरून सांडणाऱ्या सायफनवर काम भागतं. आणि गाळ? वर्षाला दोनेक सेंटिमीटर थर चढतो. तो दहा-पंधरा वर्षांनी एकदा काढायचा, आणि तोवर त्याची जवळजवळ माती झालेली असते. ऑपरेटरचं काम म्हणजे आठवड्यातून दोन वेळा जाऊन व्हॉल्व्ह फिरवणं, जाळी साफ करणं आणि वर्षातून एकदा गवत कापणं. मला असं केंद्र चालवायला मिळालं असतं तर माझे गुडघे आज बरे असते!

वनस्पतींच्या वाफ्यांवर पहिले पद्धतशीर प्रयोग जर्मनीत केथे झाइडेल या बाईंनी १९५०च्या दशकात केले. तेव्हा अनेक जाणकारांना ते पटलं नव्हतं. 'झाडं लावून कुठे मैला साफ होतो का,' हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. खरंय, साफ झाड करत नाही. खडीवर आणि मुळांवर बसलेले जंतू करतात, तेच जे ब्लोअरच्या टाकीत असतात. फरक एवढाच, की इथे त्यांना हवा द्यायला मोटार लागत नाही, वाफा रिकामा झाला की ती आपोआप आत शिरते.

जागा आणखी थोडी मोकळी असेल तर तळी. पहिलं खोल, दुसरं दीड मीटरच्या आसपास, शेवटची उथळ. उबदार हवेत माणशी दोन-तीन चौरस मीटरमध्ये भागतं, थंड प्रदेशात कितीतरी जास्त लागतात. उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, जंतू तो वापरतात, दुपारी पाण्याचा पीएच ९च्या वर जातो, म्हणजे पाणी बरंच अल्कधर्मी होतं, आणि आतड्यातले रोगजंतू त्यात तग धरत नाहीत. तळं हिरवं असलं की ठीक. गुलाबी किंवा जांभळट झालं तर घाण झेपत नाहीये असं समजावं. तळ्यांचा गाळ काढायची वेळ पहिल्या खोल तळ्यात काही वर्षांनी येते, पुढच्यांत त्याहून बरीच उशिरा. एक दोष आहे: तळ्यातून निघणारं पाणी शेवाळामुळे हिरवट दिसतं, आणि पाहणीला आलेला माणूस नाक मुरडतो. यंत्रातून येणारं पाणी आरशासारखं असतं, त्याचा फोटो चांगला येतो.

पण आरशासारखं पाणी निर्धोक असतंच असं नाही, आणि ही गोष्ट आपल्या वाचकांपर्यंत पोचायला हवी. जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनने मरत नाहीत आणि मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना द्यायच्या सांडपाण्यासाठी मर्यादा सुचवल्या: लिटरला जास्तीत जास्त एक अंडं आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जास्तीत जास्त एक हजार जंतू. २००६ साली संघटनेने मांडणी बदलली, तरी अंड्यांची मर्यादा ठेवली. पाणी आठ-दहा दिवस तळ्यांत राहिलं की अंडी आपल्या वजनाने खाली बसतात. यंत्राच्या टाकीत ते काही तासच राहतं, अंडी बहुतेक गाळात जातात, आणि म्हणून तो गाळ ओलाच शेतात टाकणं धोक्याचं. पुन्हा गाळच आला.

घरोघरच्या सेप्टिक टाकीबद्दल गैरसमज इतके, की त्यावर एक अख्खी पुरवणी निघेल. १८९५ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर इथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तिला ते नाव दिलं, तेव्हा गाळ आतल्या आत कुजून संपतो असाच समज होता. तो संपत नाही, कमी होतो. टाकीचा तिसरा हिस्सा गाळ आणि वरच्या साईने भरला की ती उपसावी लागते, साधारणपणे दर दोन ते पाच वर्षांनी. न उपसलेल्या टाकीतून मैला जसाच्या तसा पुढे जातो आणि शोषखड्ड्याची माती बुजवून टाकतो. मग लोक म्हणतात, खड्डा वाईट बांधला. बाहेर पडणारं पाणीही काही शुद्ध नसतं, निम्म्याहून जास्त घाण त्यात बाकी असते. ती मातीने गाळायची असते, म्हणून खड्ड्याच्या तळाखाली भूजलापर्यंत किमान दीड-दोन मीटर कोरडी माती हवी. काळ्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, आणि भेगाळ खडकात ते न गाळता सरळ विहिरीत उतरतं. घरं दाटीने असतील तर जंतू अडले तरी मैल्यातून तयार होणारं, पाण्यात विरघळलेलं नायट्रेट अडत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, ती तान्ह्या बाळांसाठी. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं.

तरीही या टाक्या वाया नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावांनी १९६०च्या दशकापासून घरोघरच्या सेप्टिक टाक्या तशाच ठेवल्या आणि त्यांतून निघणारं निवळलेलं पाणी तेवढं बारीक पाइपांनी गावाबाहेरच्या तळ्यांकडे नेलं. घन भाग घराशीच राहतो, त्यामुळे पाइप अरुंद चालतो, उतार कमी चालतो, खोदाई उथळ होते. अट एकच, टाक्या वेळापत्रकाने उपसायच्या. घरमालकाच्या मर्जीवर सोडलं तर कोणी उपसत नाही. गावाने गल्लीवार पाळी लावून एकाच खेपेत उपसायच्या आणि तो मैला ठरलेल्या वाफ्यावर न्यायचा. उपसणारी गाडी रात्री कुठे रिकामी होते हे आज किती गावांत कोणी विचारतं?

आणि अगदी साधी गोष्ट. भांडी-कपडे-आंघोळीचं पाणी संडासाच्या पाण्यात मिसळायच्या आधीच वेगळं ठेवता आलं तर अर्ध्याहून जास्त पाणी यंत्रापर्यंत जायलाच नको. तेल आणि खरकटं अडवणारी छोटी कुंडी, पुढे शोषखड्डा किंवा परसातली झाडं. कुंडी दर आठवड्याला साफ करायची. ती साफ करायचा कंटाळा येतो, हे मला मान्य आहे.

यंत्राला माझा सरसकट विरोध नाही. जागाच नसेल, खाली उघडा खडक असेल, लगेच पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल, तर यंत्र लागतंच. आसपासच्या पाच-सात गावांनी मिळून एक शिकलेला माणूस आणि त्याचा बदली ठेवला, सुट्या भागांचा साठा एकत्र केला, तर ती चांगली चालतातही.

एक विनंती मात्र कळकळीची. पुरवणीतल्या एका छायाचित्रात माणूस टाकीच्या झाकणातून आत उतरताना दाखवलाय, कौतुकाने. असं छायाचित्र कृपया पुन्हा छापू नका. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. अगदी थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, पण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस आणखी एक पायरी उतरतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, गाळ ढवळला की एकदम सुटतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. पेटती काडी सोडून बघायची जुनी रीत इथे कामाची नाही, आत मिथेन असला तर भडका उडेल आणि नसला तरी काडी या विषाबद्दल काही सांगत नाही. टाकी वरून, पंपाने, नळी सोडून उपसायची. कितीही अनुभवी माणूस असो, आत उतरायचं नाही. जी पद्धत गावातल्या कोणाला तरी कधी ना कधी टाकीत उतरायला लावेल, ती मी नापास करतो. वाफा आणि तळं मला आवडतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आता आपल्या वार्ताहरांसाठी थोडं. एखाद्या केंद्राचं उद्घाटन झालं की त्या दिवशीच्या पाण्याची बाटली हातात धरून कोणीतरी उभं असतं. टाकी नवी, घाण थोडी आणि माणसं हजर, त्या दिवशी पाणी चांगलं असणारच. बीओडीची चाचणी काही दिवसांची असते: २० अंश सेल्सिअसला पाच दिवस नमुना ठेवून, किंवा आपल्याकडच्या रीतीने २७ अंशांना तीन दिवस. त्यामुळे 'आजच तपासलं, निकाल उत्तम' असं कोणी सांगितलं तर ते दुसरंच काहीतरी तपासलेलं असतं. केंद्र सुरू होऊन दोन वर्षं झाली की पावसाळ्यानंतर, न कळवता, सकाळी साडेसात-आठला जा, लोंढा येतो त्या वेळी. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा आणि बीओडीबरोबर विष्ठेतले जंतू व जंतांची अंडीही मोजायला सांगा. तळ्याचा नमुना असेल तर गाळून आणि न गाळता असे दोन्ही आकडे मागा, नाहीतर शेवाळाची शिक्षा तळ्याला होईल. ऑपरेटरकडे गाळाची वही मागा: कोणत्या तारखेला किती काढला, कुठे नेला. वही नसेल, किंवा सगळ्या पानांवर एकाच पेनाने एकाच दिवशी लिहिलेलं दिसत असेल, तर ब्लोअर चालू आहे का ते बघायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन ओढ्याचा तळ काठीने ढवळून बघा. असे पाच-सहा गावांचे अहवाल आपण छापलेत तर नमुने कुठून आणि कसे घ्यायचे ते दाखवायला मी स्वखर्चाने येईन. गुडघे दुखतात, पण अजून चालता येतं.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर